वीतभर घराची वास्तुशांत

मी कवळ्या बनवते. डहाणूत स्टेशनजवळच्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत माझं टेबल आहे. तलासरीपासून वाणगावपर्यंतच्या दवाखान्यांतून लोकांच्या हिरड्यांची मापं येतात आणि मी त्यांवर दात बसवते. दिवसभर परक्या जबड्यांकडे बघून डोकं उठलं की खेळण्यातल्या रेल्वेची किटं जोडते. परदेशी खोकी असतात ती. आत प्लास्टिकच्या चौकटींना लागलेल्या भिंती, खिडक्या, सिग्नल, फलाट असतात. एकेक भाग कापायचा, कानशीने घासायचा, चिकटवायचा, मग रंगवायचा. त्यातलं माणूस बोटाच्या पेराएवढं असतं. आई म्हणते, या वयात बाहुल्या खेळतेय. म्हणू दे. बाहुल्या निदान लग्न का नाही केलंस असं विचारत नाहीत.

त्या टेबलावर मी आमचं चिखले गावातलं घर बांधलं, त्याची ही हकीकत.

घर चिकूच्या वाडीत होतं आणि वाडी रुळांना लागून. नव्या रुळांसाठी जमीन गेली, घर पाडलं गेलं आणि आई, बाबा आणि मी असे तिघं या फ्लॅटमध्ये आलो. बाबांनी कुठे तक्रार केली नाही. पण रोज भर दुपारी ते कुणाला न सांगता चपला घालत, रिक्षाने चिखल्याला जात आणि जिथे आमचा ओटा होता तिथे उभे राहत. तिथे आता रूळ आहेत.

रिक्षावाल्याचा फोन येई. "ताई, बाबा परत लायनीत जाऊन उभे राहिलेत. माझं ऐकत नाय ते. लवकर या."

मी हातातला जबडा टाकून स्कूटरवरून धावायची. एकदा दंडाला धरून ओढलं तेव्हा गाडी इतक्या जवळून गेली की माझी ओढणी तिच्या वाऱ्याने तोंडावर बसली. मी रस्त्यात रडत बाबांना नाही नाही ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, "घरी उभा होतो गं." आज ना उद्या माझा बाप गाडीखाली जाणार, ही भीती तेव्हापासून माझ्या पोटात घर करून बसली.

म्हणून मी घर बांधायला घेतलं. म्हटलं, बघायचंच आहे तर टेबलावर बघा.

एका परदेशी शेतघराचं किट मागवलं. त्याचं छप्पर बर्फ घसरावं म्हणून उभंच्या उभं केलेलं. ते कापून आमच्यासारखं उतरतं केलं, कौलं लाल रंगवली. वापरलेली चहापूड वाळवून माती केली. रानातल्या वाळक्या काड्यांना हिरवा भुसा लावून चिकूची झाडं उभी केली. बाबा मागे येऊन उभे राहायला लागले. "विहीर डावीकडे घे. ओट्याची पायरी एका बाजूने खचली होती." मी पायरी घासून खचवली. ते हसले. घर पाडल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

आई मात्र दारातूनच बघायची. "वास्तू उभी केलीस. शांत केलीस का?"

"प्लास्टिकच्या घराची वास्तुशांत? भटजींना या दारातून आत कसं घालू?"

"थट्टा करू नकोस. शांत केली नाही तर वास्तू जागी राहते."

मी हसले आणि घराच्या मागे रूळ बसवले.

शेवटी बाबा केले. किटातल्या माणसांत एक म्हातारा साहेब होता, हॅट आणि कोटवाला. त्याची हॅट घासून टोपी केली, कोटाचा पांढरा सदरा केला आणि त्याला ओट्यावर उभं केलं. बाबा भिंग लावून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पाय दुखतील त्याचे."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं तर म्हातारा रुळांत उभा होता. मी बाबांना हाक मारली. बाबा घरात नव्हते, चपलाही नव्हत्या.

त्यांना परत आणलं आणि विचारलं, "त्याला तुम्ही हलवलंत ना?" ते म्हणाले, "मी हात लावला नाही." आई तर त्या टेबलाच्या जवळही जात नसे. मी माणूस उचलून ओट्यावर ठेवला. पुढे असं वरचेवर व्हायला लागलं. मी स्वतःची समजूत घातली, म्हातारा माणूस आहे, हलवत असेल आणि विसरत असेल.

मग एका दुपारी बाबा माझ्यासमोर खाटेवर झोपलेले होते, चांगले घोरत होते. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी टेबलाकडे वळले तर म्हातारा रुळांत. मी पाहत असताना घोरणं थांबलं. बाबा उठले, माझ्याकडे न बघता चपला शोधायला लागले.

घाबरले की मला राग येतो, हा माझा जुना स्वभाव. मी बाबांना खांद्याला धरून खाटेवर बसवलं. कवळीचं गुलाबी अॅक्रिलिक कालवलं, त्या म्हाताऱ्याला ओट्यावर ठेवलं आणि त्याचे पाय त्यात पक्के बसवले. हे अॅक्रिलिक एकदा घट्ट झालं की कवळी दुसरीकडे कुठेही तुटेल, तिथे सुटणार नाही. "बसा आता इथेच," मी ओरडले, "जागचं हलायचं नाही!"

स्वयंपाकघरातून आई धावत आली. "अगं, काय बोलतेस! वास्तू तथास्तु म्हणत असते."

बाबा त्या दिवशी गेले नाहीत. नंतरही गेले नाहीत. मी निवांत झाले, खरं सांगायचं तर खूश झाले. धाकट्या डहाणूची मासेवाली मावशी पापलेट घेऊन आली तेव्हा मी घासाघीसही केली नाही.

मग लक्षात आलं की बाबा गॅलरीतल्या खुर्चीतून उठतच नाहीत. आधी म्हणाले, कंटाळा आलाय. मग म्हणाले, पाय उचलत नाहीत. डॉक्टरांनी गुडघे ठोकले, रक्त तपासलं, त्यांना काही सापडलं नाही. मी आणि आई त्यांना दोन्ही बाजूंनी धरून संडासला न्यायचो आणि त्यांचे पाय लादीवरून फरफटत यायचे. एकदा आई त्यांच्या तळव्यांना तेल लावताना मला म्हणाली, "हे बघ." बाबांचे तळवे जन्मभर अनवाणी वाडीत फिरून काळे, भेगाळलेले होते. ते आता गुळगुळीत झाले होते, गुलाबी. तो रंग मी रोज डब्यातून काढते.

मी टेबलाशी गेले आणि घासायचं मशीन सुरू केलं. त्याचं टोक म्हाताऱ्याच्या पायांपाशी नेलं, गुलाबी ठिपक्याला जेमतेम लावलं.

"हळू गं," गॅलरीतून बाबा म्हणाले. "लागतंय."

मी मशीन बंद केलं. पाय सोडवायला गेले तर पाय तुटतील, आणि नाही सोडवले तर माझा बाप असाच खुर्चीत संपेल. मी बारीक करवत घेतली आणि पायांना धक्का न लावता पायाखालचा ओटाच चौकोनी कापायला लागले. करवतीच्या प्रत्येक ओढीला विचारत होते, "बाबा, दुखतंय?" ते म्हणत होते, "नाही, काप."

तुकडा सुटला. गॅलरीत खुर्ची करकरली. बाबा उठून उभे होते आणि चपला शोधत होते.

मी दारात आडवी उभी राहिले. जाऊ नका, हे आता माझ्या तोंडून निघत नव्हतं. शेवटी एवढंच म्हणाले, "बाबा, आपल्यात जातो म्हणत नाहीत. येतो म्हणून निघा."

"येतो," ते म्हणाले. आणि आले. पायांना खडीची धूळ होती, पण आले.

तेव्हापासून म्हातारा टेबलावर मोकळा असतो, पायाखाली ओट्याचा तुकडा घेऊन. तो रुळांत दिसला की मी त्याला हलवत नाही. फक्त बाबांकडून "येतो" वदवून घेते, तेही टेबलाजवळ उभं करून, वास्तूच्या कानावर जाईल असं. ते पोरीचं खूळ म्हणून हसतात आणि म्हणतात.

आज दुपारी मी बेसिनवर हात धूत होते. वळून पाहिलं तर म्हातारा रुळांत आणि दारात चपला नाहीत. रिक्षावाला फोन उचलत नव्हता.

"आई, बाबा येतो म्हणाले का?"

"मला ऐकू नाही आलं."

मी स्कूटरची किल्ली घेतली, पण पाय आधी टेबलाकडे वळले. मी वाकले, त्या वीतभर घराच्या दाराला तोंड लावलं आणि म्हटलं, "येतील. बाबा येतील." आतून प्लास्टिकचा आणि चहापुडीचा वास आला.

आई पदराला हात पुसत माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. पहिल्यांदाच ती त्या टेबलाच्या एवढी जवळ आली होती.

"मोठ्याने म्हण," ती म्हणाली. "बाहेरून गाडी जातेय."