एकशे तीसचा आकडा

स्लिवेन शहरातल्या कापडगिरणीत झ्लातिनाने एकतीस वर्षं माग चालवले. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिचं काळीज अधूनमधून धावायला लागलं. डॉक्टरांनी ठोके आवरणारी गोळी दिली आणि म्हणाले, "जरा हातपाय हलवत जा." म्हणून ती कामेनच्या व्यायामवर्गात गेली.

कामेन म्हणजे जुना पैलवान. त्याचा हिशेब सरळ होता. "दोनशे वीसमधून वय वजा करा. उरले एकशे बासष्ट. त्याचे ऐंशी टक्के, म्हणजे मिनिटाला एकशे तीस ठोके. त्याच्या खाली सगळा आळस!"

झ्लातिनाच्या मनगटावरचं ठोके मोजणारं घड्याळ एकशे चारच्या पुढे सरकेना. घामाने ती निथळायची, पण आकडा तिथेच.

"मावशी, गिरणीतही अशाच डुलक्या काढायचात का?" कामेन सगळ्यांदेखत विचारायचा. बायका खिदळायच्या. एकदा त्याने तिला पुढे उभं केलं. "नीट बघून घ्या गं, बसून खाल्लं की असं होतं!"

एकतीस वर्षांत तिच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. घरी येऊन तिने गोळ्यांसोबतचा कागद वाचला: ठोके मंद करते. अस्सं! तिने पाकीट कपाटात टाकलं.

गोळी सोडल्यावर चौथ्या दिवशी घड्याळात एकशे एकतीस आले. कामेनने टाळ्या वाजवल्या, बायकांनीही वाजवल्या. झ्लातिना लाजून हसली.

सहाव्या दिवशी एकशे अठ्ठेचाळीस. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं झालं, कळ जबड्यात चढली.

"कामेन, मला जरा..."

"थांबायचं नाही, मावशी! आत्ता कुठे रंग चढतोय!"

ती थांबली नाही. पडली.

ती जगली, पण काळजाचा एक भाग कायमचा मेला. डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, वयावरून काढतात तो नुसता अंदाज. त्यात ही गोळी घेणाऱ्याला तो लागूच नाही. आणि अशी एकदम सोडायची नसते! कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही," ती म्हणाली.

कामेन पीच घेऊन भेटायला आला. "गोळी चालू आहे एवढं तरी सांगायचं होतं, मावशी!"

"पहिल्याच दिवशी वर्गाच्या फॉर्मवर लिहून दिलं होतं."

"फॉर्म कोण वाचतंय!" तो म्हणाला, आणि तिच्यासाठी आणलेला एक पीच पुसून खायला लागला.

चौथ्या मजल्यावरचं घर तिला सोडावं लागलं. आता ती मुलीकडे, तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत असते. न्हाणीघरापर्यंत जाताना मधे एकदा टेकते.