दाजींची गाडी आणि माझं गेज

दाजींची नवी गाडी मी समुद्रात घातली, हे साफ खोटं आहे. मी ती वाळूत लावली. समुद्र नंतर आला.

मी अहमदपूरचा, पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक. कालव्याला पाणी किती सोडलं, कुठपर्यंत पोचलं, हे सांगण्यात माझी सगळी नोकरी गेली (पाणी पोचलं क्वचित, सांगितलं मी रोज!). त्यामुळं घरात पाण्याचा विषय निघाला की शेवटचा शब्द माझाच. गच्चीवरची टाकी कधी भरेल, हेसुद्धा मला विचारायचे.

म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत कोकणात जायचं ठरलं, तेव्हा कंधारहून ताईचा फोन आला. "माधव, लेकरं लहान हायत. समुद्राचं तू बघ."

"बिनघोर राहा ताई. पाणी ते पाणी. गोड काय न् खारं काय!"

गाडी दाजींची, म्हणजे ताईच्या नवऱ्याची. पंधरा वर्षं मोटारसायकलवर काढून माणसानं पहिली चारचाकी घेतलेली. बोनेटवरचं हळदीकुंकू अजून तसंच होतं, सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. त्यात आई, मी, माझी बायको सुनंदा, ताई, दाजी आणि तीन लेकरं: आमचा ओम, ताईचा पिंटू आणि चार वर्षांची चिऊ. सांडेल म्हणून दाजींनी वाटभर कुणाला चिवडा खाऊ दिला नाही.

सकाळी सातला समुद्र दिसला. आईनं हात जोडले. "आगं माय! इतकं पाणी! अन् आपल्याकडं टँकर!"

दाजींनी गाडी वर सुरूच्या झाडांखाली थांबवली. ती तिथंच राहू दिली असती तर बरं झालं असतं. पण मी पडलो पाण्याचा माणूस.

"दाजी, लेकरं, सामान, आईचे गुडघे... खालीच घ्या की गाडी. वाळू बघा कशी घट्ट हाय."

"पाणी आलं म्हंजे?"

इथं एक सांगायला हवं. आमच्याकडं नदी म्हणजे वर्षातले आठ महिने मैदान असतं. पात्रात क्रिकेट चालतं, लग्नातल्या सगळ्या गाड्या पात्रातच लागतात. पाणी यायचं तर वर धरणाचं दार उघडावं लागतं, आधी भोंगा वाजतो, गावोगाव निरोप जातात. पाणी असं न कळवता कधी येत नाही!

तरी मी काम रीतसर केलं. पिंटूची बॅट घेतली, तिच्यावर पेनानं रेघा मारल्या आणि पाण्याच्या कडेला रोवली. आमच्या खात्यात याला गेज म्हणतात, म्हणजे पाणी मोजायची पट्टी. अर्ध्या तासानं बघतो तर पाणी बॅट सोडून वीस पावलं मागं गेलेलं.

"उतरून राहिलंय," मी जाहीर केलं. "फिकीर न्हाई. घ्या गाडी!"

दाजींनी गाडी जपून खाली आणली आणि बॅटीच्या जरा अलीकडं लावली. वरून एक शहाळीवाल्या मावशी ओरडल्या, "अहो, गाडी वर घ्या! भरती येईल!"

भरतीचं मी शाळेत वाचलं होतं. पण ती पौर्णिमेची भानगड, अशी माझी पक्की समजूत. आज तर चतुर्थी!

"मावशी," मी मोठ्यानं सांगितलं, "आम्ही खात्यातले हाव!"

मावशी परत शहाळी सोलायला लागल्या. सरकारी माणसापुढं कोण बोलणार?

अकराच्या सुमारास सतरंजी अंथरून धपाट्यांचे डबे उघडले. चिऊ म्हणाली, "मामा, बॅट कुठं गेली?"

"आसंल तिथंच. खा तू."

"मामा, माझी चप्पल पोहून राहिली!"

"लाट आली आसंल एखादी."

तेवढ्यात आई उठून उभी राहिली. "माधव, सतरंजीवर पाणी कुणी सांडलं रे?"

मी वळून बघितलं. बॅट नव्हती. बॅट रोवली होती ती जागा पण नव्हती! पाणी गाडीच्या मागच्या चाकांना टेकलेलं. माझं डोकंच चालेना. भोंगा नाही, निरोप नाही, आभाळ कोरडं, मग हे पाणी सोडलं कुणी? मी आमच्या धरणावरच्या बिलालभाईला फोन लावला. (लावला! आता काय लपवायचं!)

"बिलालभाई, आपलं एखादं दार उघडं न्हाई ना राहिलं?"

"नहीं साहब. कामून?"

"इथं कोकणात पाणी वाढून राहिलंय."

 बिलालभाई फार मायेनं म्हणाला, "साहब, अपना पानी तो पूरब को जाता. दूसरे समंदर में."

तोवर दाजी गाडीत बसून रेस देत होते आणि चाकं जागच्या जागी रुतत होती. "माधवराव! आता काय करायचं? सांगा की!" त्यांचा आवाज रडवेला झाला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाण्याबद्दल कुणी विचारलं आणि मला बोलता आलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

आई मात्र बोलली. "बघता काय नुसतं? काळ्या रानात गाडी फसली म्हंजे काय करताव? घाला सतरंजी चाकाखाली!"

सतरंजी गेली, चादरी गेल्या, माझा टॉवेल गेला. ताई आणि सुनंदा पदर खोचून मागून ढकलायला लागल्या. मावशींनी हाक मारून मासेमारी करणारे चार गडी दोरासकट बोलावले. पाणी दाराच्या कडेला लागलं तेव्हा एकदाची गाडी हलली. वर आल्यावर दाजी बोनेटला मिठी मारून उभे राहिले. हळदीकुंकू पार धुऊन गेलं होतं. सीटवरचं प्लास्टिक तेवढं कोरडं होतं.

मावशींनी मला एक शहाळं दिलं. "घ्या, खात्यातले," म्हणाल्या.

परवा आईला घेऊन कंधारला गेलो होतो. दाजींची गाडी अंगणात उभी. ताईच्या हातून ओट्यावर बादली लवंडली. मी आपलं सहज म्हणालो, "ऱ्हाऊ दे ताई, पाणी गाडीकडं जात न्हाई."

दाजी हातातला चहा टाकून किल्लीकडं धावले. पिंटूनं नवी बॅट उचलून पोटाशी धरली. चिऊ कॉटवर चढून ओरडली, "आज्जी, वर ये! मामा पाण्याचं बोलला!"

आणि पाणी सरळ गाडीखाली गेलं.