रुमालातले विरजण

नांदुऱ्याहून फोन आला तेव्हा माझ्या बोटांना ताकाचा आंबूस वास होता. मामा गेले... आणि तो वास एकाएकी त्यांचाच झाला.

मामा इतिहासाचे शिक्षक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतली शहरे कशी फुगत गेली, हा त्यांचा लाडका धडा. इटली, पोलंड, आयर्लंडहून जहाजे भरून माणसे येत, पोलादाच्या भट्ट्यांपाशी राबत, अंधाऱ्या खोल्यांत दाटीने राहत. परीक्षेला एवढे पुरे; मामांना मात्र त्या गल्ल्यांचे वास हवे असत. "आपलं नांदुराही रेल्वे अन् कापसानंच वाढलं. बाहेरून आलेल्यायची गल्ली अजून फोडणीवरून ओळखू येते," ते मला म्हणायचे. "मंग तिकडं जानाऱ्या बायायनं गाठोड्यात काय नेलं असन वं?"

या कुतूहलाची कसोटी त्यांच्याच घरी लागली. मामी आधीच गेलेल्या. एकुलती एक लेक वैदेही नोकरीसाठी शिकागोला निघाली. मामांनी सुती रुमाल घट्ट दह्यात बुडवून सावलीत वाळवला. पापडासारखा कडक झाल्यावर तिच्या हाती दिला.

"बाबा, विमानतळावर विचारलं तं काय सांगू?"

"सांगजो, बाप येडा हाय. अन् याचा तुकडा तिथं कोमट दुधात टाकजो; जे दही लागन त्यात बुडवून एक तुकडा कायम वाळवून ठेवजो. नासलं तं पुन्हा कुठून आनशीन?"

मग दर रविवारी फोनवर एकच प्रश्न : "लागलं का?" तिकडच्या थंडीत दूध नुसतेच दूध राही. वैदेहीचा आवाज बारीक होत गेला; परत यायचे म्हणू लागली. मामा 'ये' म्हणाले नाहीत, 'राहा'ही नाही. "भांडं उबेले ठेवून पाह्य," एवढेच. एका रविवारी तिने कॅमेऱ्यासमोर वाडगे कलते केले. पांढरे, घट्ट, जागचे न हललेले. मामांनी त्या दिवशी साऱ्या आळीला ताक पाजले. वैदेही तिकडे राहिली.

त्यांच्या तेरवीच्या दुसऱ्या सकाळी मी आणि शिकागोहून आलेली वैदेही, आम्ही दोघी स्वयंपाकघरात आलो. दह्याचे मातीचे भांडे फडताळात कोरडे पडले होते. मामा गेल्यावर विरजण राखणार कोण? वैदेहीने पर्स उघडली. आत कापडाचा कडक, पिवळसर तुकडा होता. भांड्यात ओतलेल्या कोमट दुधात तो अलगद सैल झाला... ओलसर मातीचा, आंबट गंध हळूहळू वर आला.

"लागन का वं?" तिने मला विचारले. मी भांड्यावर झाकण ठेवले.

बाहेर उन्हाळ्याची सकाळ तापत होती. संध्याकाळी तिने झाकण काढले, भांडे कलते केले, आणि मामांच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून म्हणाली,

"बाबा, लागलं."