जमादार दारात बसला

आमच्या मोहबोडीच्या लटारू कोतवालाच्या कुत्र्याचं नाव होतं जमादार. म्हणजे कुत्रा मालकापेक्षा वरच्या हुद्द्याचा, आणि वागायचाही तसाच. लटारू चौकात डफडं वाजवून दवंडी द्यायला उभा राहिला की हा शेजारी बसून मान वर करून सूर लावायचा. "ऐका हो, शुक्रवारी ढोरं टोचाले डॉक्टर येऊन राह्यले," एवढंसं सांगताना लटारूला मध्येच थांबून त्याला दटावावं लागायचं. दोर दिसला की कुरतड, चप्पल दिसली की पळव. गुणवंतराव पाटील ओट्यावर बसायचे ते चपला मांडीखाली दाबून. गावाची अब्रू सांभाळणारा माणूस चपला सांभाळत बसायचा, हे पाहून आम्हाला फार बरं वाटायचं.

तेव्हा आमच्याकडे वर्तमानपत्र येत नव्हतं. लटारू हेच वर्तमानपत्र. कुठं वाघानं म्हैस मारली, कोणाकडे लग्न जमलं, कोणाला पोरगी झाली, सगळं तो पंचक्रोशीत पायी पोचवायचा. साध्या बातमीला तो गल्लीतूनच हाका मारायचा, ओट्यावर टेकायचा, तंबाखू मागायचा. तोवर जमादार थेट चुलीपाशी शिरलेला असायचा. पण मौतीचा सांगावा असला तर रीत निराळी. घरात पाय टाकायचा नाही, टेकायचं नाही, त्या घरचं पाणी प्यायचं नाही. डोक्याचं फडकं काढून अंगणात उभं राहायचं, नाव सांगायचं आणि मागे फिरायचं. त्या दिवशी लटारू जमादारालाही बोटानं धाक घालून दाराबाहेर बसवायचा. तो कुत्रा दुसरं काही शिकला नाही, पण एवढं शिकला. पुढंपुढं तो लटारूच्या आधीच पोचून बसलेला दिसायचा आणि बायका हातातलं काम टाकून रडायला लागायच्या.

लटारूची बायको लवकर गेली. एकच लेक, मनकर्णा. जमादाराला पिलू असताना तिनंच पदराखाली घालून वाढवलं. तिला नदीपल्याड पिपरटोल्यात दिली आणि तिची सासू वच्छलाबाई निघाली भलतीच कडक. लग्नानंतर पोरीला एकदाही माहेरी पाठवलं नाही. पेरणी आहे, कापणी आहे, मोहफुलं वेचायची आहेत, काही ना काही असायचंच. बापानं लेकीच्या घरी पाणीही प्यायचं नाही, मग कारण नसताना जायचं तरी कसं? साऱ्या मुलखात फिरणाऱ्या या माणसाला तेवढं एक गाव बंद होतं. मला त्याचा तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो.

जमादाराला मात्र कसलीच रीत आडवी येत नव्हती. मनात आलं की तो नदी ओलांडून पिपरटोल्याला जाऊन यायचा. तो परतला की लटारू त्याचं तोंड हुंगायचा. "आंबील खाऊन आला लेकाचा," म्हणायचा. "म्हणजे पोरगी बरी आहे माही."

चैतात एकदा जमादार असाच गेला. वच्छलाबाईच्या अंगणात मोहफुलं वाळत होती. हा पोटभर खाऊन बसला आणि त्याला चढली. पाय धरेनात, म्हणून तो दाराबाहेर फतकल मारून मान खाली घालून बसला. मनकर्णा पाण्याचा हंडा घेऊन आली आणि जमादार दारात बसलेला पाहून तिच्या हातून हंडाच सुटला. मागून लटारू येईल म्हणून तिनं वाटेकडे पाहिलं. तो आला नाही. बाबा आले नाहीत, म्हणजे बाबाच गेले, असंच तिनं धरलं. धरणारच. आमच्यापैकी कोणीही तेच धरलं असतं.

मौतीला सासू अडवू शकत नव्हती. मनकर्णा डोक्यावरून पाणी घेऊन ओलेत्यानं निघाली आणि आमच्या गावात शिरली ती हंबरडा फोडतच. तिचा बाप ओट्यावर बसून डफड्याचं कातडं उन्हात ताणत होता.

"कोण गेलं वो पोरी?" तो घाबरून उठला.

"तुमी!" असं म्हणून ती त्याच्या गळ्यातच पडली.

मग जमादारही आला, झुलत झुलत. त्याच्या तोंडाला मोहाचा वास येत होता, तेव्हा सारा उलगडा झाला. मनकर्णानं त्याला दोन रट्टे घातले आणि मग त्यालाच कवटाळून हसत सुटली. त्या दिवशी लटारूच्या घरी शेजारच्या बुधरीनं भात आणि झिंग्याची भाजी पोचवली. बापलेक ओट्यावर जेवले. लटारू इतका खुशीत आम्ही पुन्हा कधी पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई चार माणसं घेऊन व्याह्याच्या मौतीला आली, तर व्याही दारात तंबाखू मळत उभा. बाई जी भडकली! लटारूनं हात जोडले, कुत्र्यानं मोह खाल्ल्याचं परोपरीनं सांगितलं. कोण ऐकतो?

"माहेरी याले बाप मारला हिनं," ती साऱ्या गावादेखत म्हणाली. "आता कुत्रं येऊन बसलं तरी मी सोडणार नाई. माणूस येऊन सांगन, तवाच पाठवीन."

"माणूसच येईन बाई," लटारू म्हणाला. "एवढ्या गावांचे सांगावे म्या नेले. माहा कोणी आणणार नाई का?"

मनकर्णा गेली. लटारूनं त्या दिवसापासून जमादाराला दोरानं बांधलं. म्हणजे लेकीची खबर आणणारं होतं नव्हतं तेवढंही संपलं.

श्रावणात लटारू तापानं पडला. बुधरी काढा करून पाजत होती, पण ताप उतरला नाही आणि एका सकाळी तो गेला. नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती. पाटलांच्या ओट्यावर माणसं जमली. पिपरटोल्याला कोणी जायचं? तरण्या लालसूनं पाटलांकडे पाहिलं, पाटलांनी गुरं राखणाऱ्या पोचूकडे पाहिलं, पोचूनं नदीकडे. मौतीचा सांगावा न्यायची कोणाला सवयच नव्हती. ते काम लटारूचं. म्हशीचं शेपूट धरून भर पुरातून दुसऱ्यांच्या मौती त्यानंच पोचवल्या होत्या.

"लटारू असता तं गेला असता," कोणीतरी म्हणालं. म्हणणाऱ्याला आपण काय बोललो ते कळलं नाही. दुपारी लटारूला माती दिली. त्या गडबडीत जमादारानं दोर कुरतडला, ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

तो पिपरटोल्याला पोचला, चिखलानं भरलेला. चुलीकडे गेला नाही. दाराबाहेर बसला. मनकर्णा त्याला पाहून उठली आणि सासूनं दार अडवलं.

"माणूस कुठी आहे?"

मनकर्णानं जमादारापुढं आंबील ठेवली. त्यानं तोंड लावलं नाही. "आत्याबाई, हा खाऊन नाई राह्यला," ती म्हणाली. सासू म्हणाली, कुठं मोह खाऊन आला असंन. श्रावणात मोह कुठला, हे त्या घरात कोणी बोललं नाही. मनकर्णा दिवेलागणीपर्यंत नदीच्या वाटेकडे पाहत उभी राहिली. वाटेनं कोणीच आलं नाही.

पूर ओसरल्यावर ती मला बाजारात भेटली. जमादार तिच्या मागेच होता, तो काही परत आला नव्हता. तिच्या डोळ्यांकडे पाहूनच मला कळलं की तिला सांगायचं काही उरलेलं नाही. तरी मी सांगितलं. ती रडली नाही.

"मौतीच्या मौती पोचवल्या माह्या बापानं," ती म्हणाली. "त्याची एक पोचवाले तुमच्या गावात माणूस नव्हता?"

"पूर होता वो बाई," मी म्हणालो. "भारी पूर होता."

"होता ना," ती म्हणाली. "जमादार आला त्याच्यातून."

मग तिनं मीठ घेतलं, डोक्यावर टोपलं ठेवलं आणि पिपरटोल्याची वाट धरली. मोहबोडीला ती त्यानंतर कधी आली नाही.