डॉक्टरांचा फिल्टर काही ठरेना

निर्णय घ्यायला आमच्या शेजारच्या डॉक्टरांइतका वेळ लावणारा माणूस अख्ख्या जयपुरात झाला नाही आणि आता होणारही नाही. मूळचे नागपूरचे, इथल्या कॉलेजात पॅथॉलॉजी शिकवून निवृत्त झालेले. संसार केला तो फक्त एका म्हाताऱ्या जीपशी. पाव किलो भेंडी घ्यायची तरी एकेक भेंडी उजेडाकडे धरून बघत. शेवटी जवाहर नगरचा तो भाजीवाला हात जोडायचा, "ले जाओ डॉक्टर साब, ऐसे ही ले जाओ." जीपचं तेल बदललं की जुना ऑइल फिल्टर फेकून देणं त्यांच्या धर्मात बसत नसे. करवतीने तो कापायचा, आतला काळा कागद पसरायचा, त्यावरून लोहचुंबक फिरवायचं आणि चिकटलेला लोखंडाचा कीस ताटात घालून मला दाखवायला आणायचा. एकदा मी पोहे खात असताना ते ताट माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "मास्तरीणबाई, बायोप्सी वाईट आली. इंजिन सहा महिने काढेल फार तर."

इंजिन गेलं, अगदी त्यांनी दिलेल्या मुदतीत. त्याच सुमाराला त्यांच्या हृदयानेही कुरकुर सुरू केली. गाडीखाली झोपायचं नाही, वजन उचलायचं नाही, अशी तंबी मिळाली. त्यांची इच्छा एकच उरली होती, जीप दुसरं इंजिन घालून पुन्हा रस्त्यावर आणायची. जवळच्या चौमूं गावातल्या मिस्त्रीने कुठूनसं एक डिझेल इंजिन मिळवलं, बसवलंही. घोडं अडलं ते फिल्टरपाशी. तो नेमका चॅसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर टेकत होता. "छोटा फिल्टर लगा दो साब, बात खतम," मिस्त्री म्हणाला. दुसरा उपाय म्हणजे दोन नळ्या टाकून फिल्टर इंजिनापासून लांब, बॉनेटखाली वरच्या बाजूला बसवायचा. झालं! डॉक्टरांनी वही काढली. छोटा लावला तर तेल नीट गाळलं जाईल का? नळ्या गळल्या तर? डावीकडे की उजवीकडे? किती उंचीवर? असे महिनेच्या महिने गेले. दर रविवारी मलाही बसने चौमूंला ओढून नेत. माझ्या मणक्याची गादी सरकलेली, वाकायची चोरी. त्या धक्क्यांनी जीव जायचा. तिथे पोचलं की मला बॉनेटपाशी उभं करत. "हात पुढे करा. अरे बाप्पा, वाकू नका म्हटलं ना!" मग टेपने काहीतरी मोजून वहीत लिहीत. मला वाटे, हीही एक लहर. एका रविवारी माझं डोकंच फिरलं.

"अहो, मरेपर्यंत ठरवतच बसणार आहात का?"

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. डॉक्टर मात्र हसले. "नाही हो. त्याच्या आधी ठरवतो ना."

ठरवलं त्यांनी, शब्दाला जागले. पण इंजिनाचा आवाज ऐकायला राहिले नाहीत. ते गेल्यावर पंधरा दिवसांनी मिस्त्री जीप चालवत थेट माझ्या दारात आला आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "साब कह गए थे, मैडम को देना." बॉनेट उघडलं. फिल्टर वर, उजव्या बाजूला, बरोबर माझ्या छातीच्या उंचीवर होता. "मैंने पूछा था, इतना झंझट क्यों," मिस्त्री म्हणाला, "तो बोले, मैडम झुक नहीं सकतीं." मी भर रस्त्यात रडले. इतके महिने तो माणूस माझी कंबर सांभाळत बसला होता आणि मी त्याला काय बोलून बसले! जीभ कशी झडली नाही माझी तेव्हा?

काल पहिल्यांदा तेल बदललं. खालून तेल काढायला मिस्त्री आला होता, पण फिल्टर मी काढला, उभ्या उभ्या. करवतीने कापला, कागद पसरला, चुंबक फिरवलं. चिमूटभरसुद्धा कीस निघाला नाही. सवयीने ते ताट घेऊन मी शेजारच्या फाटकापर्यंत गेले, तेव्हा कुलूप दिसलं. मग त्या कुलपालाच सांगितलं, "डॉक्टर, वाकावं लागलं नाही हो."