कॉलरची दोन टोकं

मावशींना एखादी गोष्ट पटली की त्यांचा उजवा गुडघा हळूच बाहेर जायचा. मान हलायची नाही, तोंडातून "बरोबर" निघायचं नाही. गुडघा जायचा, क्षणभर थांबायचा आणि परत यायचा. रिक्षात त्यांच्या शेजारी बसला असतात तर तुम्हालाही एक हलका धक्का बसला असता.

आनंदनगरच्या शर्टांच्या कारखान्यात आम्ही शेजारी शेजारी बसायचो. मी बाह्या जोडायचे, त्या कॉलर शिवायच्या. तिथल्या मशीनला टेबलाखाली, गुडघ्याशी एक पट्टी असते. ती गुडघ्यानं उजवीकडे ढकलली की कापडावर दाबून बसलेला मशीनचा पाय उचलला जातो आणि कापड वळवता येतं. कॉलरला टोकं दोन, म्हणजे एका कॉलरला दोनदा गुडघा. एखादी नवीन मुलगी घाईनं कापड ओढायला लागली की मावशी म्हणायच्या, "सुई खालीच राहू दे गं. नुसता पाय उचल. कापड आपोआप वळतं."

जेवणानंतर पत्र्याच्या फटीतून ऊन आत उतरायचं, त्यात कापडाचा भुगा तरंगत राहायचा आणि मशीनची घरघर कानात भरून जायची. मावशींचे डोळे अर्धे मिटलेले. झोपल्या की काय म्हणून मी बघायचे, तर टोक आल्याबरोबर गुडघा बाहेर. मला वाटायचं, ही बाई स्वप्नात शिवते आणि शर्ट मात्र खरे निघतात.

मग तोच गुडघा दुखायला लागला. मावशींनी तेल चोळलं, फडकं बांधलं, आणि वर्षभर घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. त्यांच्या नणंदेच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हापासून ती खिडकीशी बसून होती.

"डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं की माझं मशीन सुटलं," त्या म्हणाल्या. "घरी मी कुणाची सासू, कुणाची आजी. इथं मी कॉलरवाली आहे गं."

मी चिडलेच. "मग बसा लंगडत," म्हटलं, आणि पुढच्याच मंगळवारी सुट्टी टाकून त्यांना ओढत उल्हासनगरला नेलं.

डॉक्टर म्हातारे सिंधी होते. एक्स-रे उजेडापुढे धरून ते एकेक विचारत होते, मावशी उत्तरं देत होत्या. थोड्या वेळानं ते एक्स-रे सोडून मावशींच्या गुडघ्याकडेच बघायला लागले.

"बहनजी, ये आप क्या कर रही हो?"

"मी? कुठं काय?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. सगळ्या कारखान्याला माहीत होतं, त्यांना सोडून. शेवटी मीच सांगितलं, "डॉक्टरसाब, वो कॉलर सी रही है."

डॉक्टर हसले, आणि गुडघ्यानं ढकलायची पट्टी कशी, किती दूर असते ते त्यांनी माझ्याकडून विचारून घेतलं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला त्यांनी बोटानं दाबलं, तशा मावशी कळवळल्या. "बस, यही है. हड्डी अच्छी है, जोड अच्छा है. ऑपरेशन-बिपरेशन कुछ नहीं. सिर्फ नस थक गयी है. वो पट्टी थोडी पास करवा लो, और कसरत करो."

"मग मशीनवर बसू ना मी?"

"बैठो ना, आराम से."

गुडघा बाहेर गेला, थांबला, परत आला.

खाली उतरून आम्ही दाल-पकवान घेतलं, डाळ आणि सोबत कडक पुरी. अर्धं खाऊन झाल्यावर मावशींना आठवलं, आज मंगळवार, आपला उपास. घास तसाच हातात. "गणपती घेईल समजून," म्हणाल्या आणि खाल्ला. डोळे पुसायला लागल्या, वर चटणी तिखट आहे म्हणाल्या. मला त्यांची इतकी माया आली की माझं पकवानही त्यांच्या ताटात ठेवलं.

पट्टी गुडघ्यापासून लांब होती त्याचंही कारण होतं. त्या मशीनवर आधी एक उंच बाई बसायच्या. त्यांनीच मावशींना कॉलर शिकवली. त्या वारल्या, मशीन मावशींकडे आलं, पट्टी मात्र त्यांच्याच मापाची राहिली. दसऱ्याला मशीनला हळदकुंकू वाहताना मावशी टेबलाखाली वाकून त्या पट्टीलाही बोट लावायच्या. मेकॅनिकला तिथं हात लावायची सोय नव्हती.

डॉक्टरांकडून आल्यावर दुसऱ्या दिवशी मेकॅनिक पाना घेऊन आला तेव्हा त्यांनी पट्टीवर हात ठेवला. "बाई, सरकवते हं जरा," म्हणाल्या, आणि बाजूला झाल्या.

दुखणं हळूहळू गेलं. मग मावशी कितीतरी वर्षं कॉलर शिवत राहिल्या. शेवटी आजार निघाला तो छातीचा. गुडघ्यानं त्यांना कधी दगा दिला नाही.

त्या गेल्या त्याच्या आदल्या आठवड्यात मी बदलापूरला त्यांच्या मुलाकडे गेले होते. दुपार होती, पंखा फिरत होता, मावशी झोपेत होत्या. चादरीखाली उजवा गुडघा हळूच बाहेर गेला, थांबला, परत आला.

"सारखं असंच करतात," सून हळू आवाजात म्हणाली. "गुडघा दुखत असेल का हो त्यांचा?"

"नाही गं," मी म्हटलं. "गुडघा चांगला आहे. कॉलर चाललीय त्यांची. आत्ता एक टोक झालं."

मी त्या बाजूची चादर जरा सैल केली. मग आम्ही दोघी दुसऱ्या टोकाची वाट बघत बसलो.