फ्रिजवरचं गणगोत

समोरच्या फ्लॅटमधली मेई चिनी आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे ती पुण्यात आली आणि आठ वर्षांची लेक तिकडेच आजीजवळ राहिली. मी मेईला इंग्रजी शिकवायला जाते. एक शब्द घ्यायचा आणि त्याचं सगळं गणगोत चिठ्ठ्यांवर लिहून फ्रिजवर त्याच्याभोवती चिकटवायचं, ही तिची रीत. आज मधोमध 'पेंट' होता. पंख्याच्या वाऱ्याने त्याच्या शेजारचा 'पेंटर' उडाला आणि फ्रिजखाली गेला. मेई फरशीवर आडवी होऊन झाडूने त्याला बाहेर ओढू लागली.

"अगं, राहू दे. उद्या दुसरी चिठ्ठी लिही."

"नको आंटी. आता लेकीचा फोन येईल. तिच्या फ्रिजवर आज हेच शब्द आहेत, याच जागी."

इंग्रजी दोघींनाही परकी. पण त्या चार चिठ्ठ्यांपाशी मायलेकी रोज एका स्वयंपाकघरात उभ्या असतात.

घरी येऊन पाण्याची बाटली काढायला गेले. माझ्या फ्रिजवर मुलाने कॅनडाहून आणलेलं मॅग्नेट आहे, त्याखाली काहीच नाही. आम्ही दर रविवारी बोलतो, तेही मराठीत. त्याच्या फ्रिजवर काय लावलंय, मला माहीत नाही.